दुसरा नारळ

हॅलोवेल, जॉर्जिया
१२ फेब्रुवारी २०२५

ती. वत्सलाआत्या,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला माझं काहीच ऐकू येत नाही आणि तू नुसती 'हो हो' म्हणत राहतेस, म्हणून हे पत्र. प्रणव छापून आणून देईल. तू हाताने लिही, तो फोटो काढून मला पाठवेल. धाकटा भाऊ आहे, एवढं तरी करू दे.

मी इथे नेमकं काय काम करते, असं तू मागे विचारलं होतंस. या गावात एक लहानसं संग्रहालय आहे, तिथे मी वस्तूंखालच्या पाट्या लिहिते. सध्या एका माणसाचं अख्खं आयुष्य भिंतीवर मांडायचं काम माझ्याकडे आलंय. कर्नल जोसाया पेल हे त्याचं नाव. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत आपसात युद्ध झालं. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलाम ठेवण्याचा हक्क सोडायचा नव्हता. ती फुटून निघाली, लढली आणि हरली. त्या हरलेल्या सैन्यातला हा अधिकारी. युद्धाआधी तो कापसाचा मोठा जमीनदार होता. युद्धात त्याचा डावा हात गेला. नंतर तो न्यायाधीश झाला, शाळेला जागा दिली, चर्चला घंटा दिली. गावात अजून त्याचं नाव आदराने घेतात.

त्याचा म्हातारपणीचा एक फोटो आमच्याकडे आहे. कर्नल व्हरांड्यात खुर्चीवर बसलाय आणि पायऱ्यांवर त्याचे पूर्वीचे गुलाम. खाली जुन्या पाटीत लिहिलंय, 'मोकळे झाल्यावरही ज्यांनी त्याला सोडलं नाही.'

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती, तरी हा कर्नल त्यांची लग्नं आपल्या व्हरांड्यात हौसेने लावून द्यायचा. वाजंत्री, जेवण, नवरीला आपल्या बायकोचा एखादा जुना झगा. शेवटी नवरा-नवरीने जमिनीवर ठेवलेल्या झाडूवरून उडी मारायची की लग्न लागलं. गुलाम बाळगणाऱ्या माणसातही असा एखादा कोपरा असतो, हे लोकांना कळावं म्हणून मी ही लग्नं नव्या पाटीवर घेणार आहे.

नवसीमावशी कशी आहे? तिला सांग, इथे चिकू मिळत नाहीत.

तुझी,
रूपल

*

चिंचणी
२४ फेब्रुवारी

चि. रूपल,
आशीर्वाद.

प्रणवने पत्र इतक्या बारीक अक्षरात छापून आणलं की त्याला पुन्हा बोईसरला पिटाळलं. आता मुंग्यांऐवजी मुंगळे आहेत, वाचता येतं.

झाडूवरून उडी वाचून मी आणि नवसी दोघी हसलो. आपल्याकडे केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतात. नवसी म्हणाली, "उडी मारून मंग झाडू बाईच्याच हातात देत असतील."

तुझा कर्नल वाचून मला बाबाच आठवले. तू तुझ्या आजोबांना पाहिलं नाहीस. धर्माजी शेट म्हटलं की मासवणपर्यंत लोक उठून उभे राहायचे. मासवणला आपली भातशेती होती तेव्हा पाड्यावरच्या वारल्यांची लग्नं बाबा स्वतःच्या खर्चाने लावून द्यायचे. मांडव, तांदूळ, नवरीचं लुगडं, सगळं. अशा जोडप्याला लग्नगडी म्हणायचे. मालकाने लग्न लावलं की जोडपं मालकाकडेच राहायचं आणि शेतावाडीत काम करायचं.

नवसीचं लग्न हे आपल्या घरातलं तसलं शेवटचं. ती पंधरा-सोळाची असेल, मी विशीतली. आम्ही बैलगाडीने गेलो होतो. वारल्यांमध्ये लग्न बाई लावते, तिला धवलेरी म्हणतात. ती गात होती आणि मी नवसीच्या अंगाला हळद लावत होते. पोरीला इतक्या गुदगुल्या होत होत्या की सारं अंग हलत होतं. मग ती आणि तिचा नवरा इथे चिंचणीला आले, वाडीतल्या मागच्या खोलीत. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती आहे. तुझ्या त्या पायऱ्यांवरच्या माणसांसारखीच.

तिची मुलगी लाडकी सरावलीला असते. कंपनीत पॅकिंगला जाते, दोन खोल्यांचं घर बांधलंय. दरवर्षी येऊन "आये, चल" म्हणते. नवसी हलत नाही. मग लाडकी आमच्याशी धड न बोलता रिक्षात बसते. तिच्या आईचा जीव आमच्यात अडकलाय, त्याला आम्ही काय करणार?

अक्षय तृतीयेची आपली रीत तुला आठवत असेल. सालाने ठेवलेल्या गड्याच्या हातात नारळ पडला की साल संपलं, गडी मोकळा. पुढे राहायचं तर नवी बोली. तुझा बाबा, शैलेश, अजून ती पाळतो. नवसीला मात्र आपल्या घरात कुणी कधी नारळ दिला नाही. घरच्या माणसाला कोण मोकळं करतं? आई म्हणायची, तिच्या हातात नारळ ठेवला तर तिला परकं केल्यासारखं वाटेल.

हवं तर हेही लिही तुझ्या भिंतीवर.

तुझी,
आत्या

*

हॅलोवेल
९ मार्च

ती. आत्या,

हे पत्र मी दोनदा लिहून पुसलं.

मागच्या आठवड्यात मिसेस टेट नावाच्या बाई संग्रहालयात आल्या. ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त नर्स. फोटोतल्या पायऱ्यांवरची एक बाई त्यांची खापरपणजी. मी कर्नलने लावलेल्या लग्नांचं लिहितेय असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लिहायचं तर नीट लिही. दुसऱ्या जमीनदारांना तो काय सांगायचा माहीत आहे? लग्न लावून दिलेला माणूस पळून जात नाही."

मग त्यांनी घंटेचं सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये दरवर्षी ऑक्टोबरात एक दिवस घंटा वाजवतात. मला वाटायचं कापणीचा सण असेल. युद्ध एप्रिलमध्ये संपलं, आत्या. कर्नल मे महिन्यात घरी परतला. गुलामी संपली हे त्याला माहीत होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. सगळा उन्हाळा त्याने त्यांच्याकडून कापूस करून घेतला. ऑक्टोबरात शेवटचं पोतं उतरलं तेव्हा तो व्हरांड्यात आला आणि म्हणाला, तुम्ही मोकळे आहात.

टेटबाईंच्या खापरपणजीचा नवरा दुसऱ्या परगण्यात विकला गेला होता. तिला कळलं त्याच दिवशी ती चालत निघाली. तिथे पोचली तर तिथल्यांना आधीच मोकळं केलं होतं, आणि ती कुठे आहे हे ठाऊक नसल्याने तो उन्हाळ्यातच तिला शोधायला भलतीकडे निघून गेलेला. दोघं पुन्हा कधी भेटले नाहीत. ती परत आली, कारण तो चुकून तरी इथेच येईल असं तिला वाटत होतं. 'ज्यांनी त्याला सोडलं नाही' ते हे.

मी मागच्या खोलीत जाऊन बसले. मी तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं.

आत्या, नवसीमावशी लग्नगडी होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती मायेने राहिली आहे. तिला पगार कधी मिळाला का? आणि तू मोकळी आहेस असं तिला कधी कुणी सांगितलं का?

रूपल

*

चिंचणी
२० मार्च

चि. रूपल,

तुझं पत्र वाचून मी दोन वेळा जेवले नाही. नवसीनेच पेज करून आणली. काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं नाही.

आमच्या घराला तुझ्या त्या कर्नलच्या पंगतीला बसवू नकोस. बाबांनी कुणाला विकलं नाही, कुणाला मारलं नाही. नवसीला टायफॉइड झाला तेव्हा बाबा स्वतः पालघरला घेऊन गेले. लाडकीला शाळेत आपण घातलं. मी विधवा होऊन या घरात परत आले तेव्हा सहा महिने मला भरवून जेवू घातलं ते नवसीने. पगाराने कुणी असं भरवत नाही. तिला धान्य आहे, कपडे आहेत, औषध आहे, हातखर्चाला शैलेश देतोच. अजून काय हवं असतं माणसाला?

वेठ बंद झाल्याला जन्म लोटला. सगळ्या जगाला माहीत आहे ते तिला माहीत नसेल का? तिला जायचं असतं तर ती कधीच गेली असती. दार उघडंच आहे. वाडीला तर फाटकसुद्धा नाही.

तुझ्या बाबाला पत्र वाचून दाखवलं. शैलेश म्हणाला, "अमेरिकेत बसून पोरगी घरातली भांडी बाहेर मांडायला लागली." मीही तुझ्यावर रागावले आहे.

आत्या

*

हॅलोवेल
२६ मार्च

ती. आत्या,

राग बरोबर आहे. माझी फक्त एक विनंती आहे. ती लाडकीकडे का जात नाही, हे तू आजवर मला सांगत आलीस, बाबा सांगत आले. तिला स्वतःला कुणी विचारलेलं मला आठवत नाही. तू विचार. ती मायेने राहिले म्हणाली, तर मी या विषयावर पुन्हा एक ओळ लिहिणार नाही.

रूपल

*

चिंचणी
१६ एप्रिल

चि. रूपल,

इतके दिवस विचारलं नाही. काल विचारलं.

आम्ही दोघी मागच्या पडवीत चिंचा फोडत होतो. तिचं बोलणं मला ऐकू येतं. माझ्या डाव्या कानाशी कसं बोलायचं ते या घरात तिलाच जमतं. मी सहज विचारावं तसं म्हटलं, "नवसी, लाडकी एवढं बोलावते, तर तू जात का नाहीस?"

"जाऊन परत यायचं तं कशाला जायचं?"

"परत ये म्हणून कुणी सांगितलंय?"

"आन् जा म्हणून कोनी सांगितलंय?"

मला वाटलं ती थट्टा करते. मी म्हटलं, "तुला काय बांधून ठेवलंय का गं आम्ही?"

तिने हातातली चिंच खाली ठेवली. "नारळ नाय दिला, बाय."

मला कळेना. मी पुन्हा विचारलं. तिला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून ती आणखी जवळ सरकली.

"शेट सगल्या गड्यांना नारळ द्यायचा. मला नाय दिला. माज्या नवऱ्याला नाय दिला. दर साली आमी दोगं तिकडं कोपऱ्यावर उबी ऱ्हायाचो. वाटायचं, यंदा देल. शेट गेला. मंग शैलेश देयाला लागला. त्यानं बी नाय दिला."

मी म्हटलं, "अगं, वेठ तर सरकारने कधीच बंद केली. कायदा झाला."

"ठावं हाय. लाडकीनं शालेत वाचला, मला सांगितला. पन माजं लगीन सरकारनं नाय लावलं. मांडवात धवलेरीनं देवीसमोर इचारलं, शेटनं सोडल्याबिगर जानार नाय ना? मी बोलली, 'नाय जानार'. तुमी हलद लावत व्हता तवाच. मी माजा बोल पालला. त्यानं त्याचा पालायचा व्हता."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी तू किती हसत होतीस गं. हळद लावू देत नव्हतीस."

"हसत नव्हती, बाय. अंग कापत व्हतं. तुमी हसत व्हता. मला वाटलं, ही हसते म्हंजे घर बरं असंल."

मग ती पुन्हा चिंचा फोडायला लागली. तशातच म्हणाली, की तिची आई पाड्यावर वारली तेव्हा इथे भाताची झोडणी चालली होती. तिने जाऊ का म्हणून विचारलंच नाही. "शेट 'नको जाऊ' बोलला असता तं? मंग मला तो वायट वाटला असता."

रूपल, मला रात्रभर झोप नाही. ती त्या कोपऱ्यावर उभी असायची, ते मी पाहिलेलं आहे. दरवर्षी पाहिलंय. मला वाटायचं नारळाची गोणी धरायला उभी आहे. गोणी आम्हीच तिच्या हातात द्यायचो. बाकीच्यांचे नारळ तिने एकेक काढून दिलेले आहेत.

आणि आम्ही काय समजत होतो, तर तिला वाईट वाटू नये म्हणून देत नाही.

शैलेशला सांगितलं. म्हटलं, या अक्षय तृतीयेला तिला दे. तो लगेच म्हणाला, "आता दिला तर त्याचा अर्थ काय होतो कळतंय का तुला, ताई? आजवर वेठीला ठेवली होती असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. कुणी मोबाइलवर घेतलं तर?" म्हणाला, तिला तोंडी सांग, जा म्हणून. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तोंडानं आत घेतली असती तं तोंडानं जाती."

बाबांना माहीत होतं का गं? मी त्यांची मुलगी आहे आणि मला हे ठरवता येत नाही. पण कायद्याची बातमी आली तेव्हा ते पेपर वाचत याच पडवीत बसायचे, एवढं मला आठवतं.

आत्या

*

हॅलोवेल
१९ एप्रिल

ती. आत्या,

मी दीडशे वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यावर पाटी लिहीत होते आणि आपल्या घरातला उन्हाळा अजून चालू होता. मी त्या घरात वाढले. तिने माझे केस विंचरले आहेत.

बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, अक्षय तृतीयेला पालघरला काम आहे. काम काय, ते सांगितलं नाही.

तू दे, आत्या. शेटनेच द्यायला हवा असं ती म्हणाली, तर तिला विचार कुणाचा चालेल. लाडकीला बोलावून घे. फोटो काढू नका, कुणाला सांगू नका, साडीबिडी काही सोबत देऊ नका. नुसता नारळ.

आणि मला लगेच लिही.

रूपल

*

चिंचणी
१ मे

चि. रूपल,

शैलेश काल सकाळीच पालघरला गेला. गड्यांचे नारळ मी दिले. गोणी मीच ओढत आणली. नवसी धरायला पुढे आली, मी तिला म्हटलं, तू नको धरूस, तू तिकडे उभी राहा.

ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. आपल्या नेहमीच्या जागी. लाडकी रिक्षा बाहेर थांबवून आली होती. तिने चप्पल काढली नाही की आत बसली नाही. तिला खरं वाटत नव्हतं. मला म्हणाली, "बाय, आईची मस्करी करू नका हां. या वयात तिला सोसायचं नाय."

मी आधीच नवसीला विचारलं होतं, की शैलेश नाही, माझ्या हातचा चालेल का. ती म्हणाली होती, "हलद तुमी लावली व्हती. तुमचा चालंल."

सगळे गडी गेल्यावर मी नारळ घेऊन तिच्यापुढे गेले. काय म्हणायचं असतं ते बाबांचं वाक्य मला पाठ होतं, पण ते तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "नवसी, तू मोकळी झालीस."

तिने दोन्ही हातांनी नारळ घेतला. सणाला ती नेहमी माझ्या पाया पडते. मी सवयीने पाऊल मागे घेतलं, पण ती वाकली नाही. तिने नारळ कानाशी नेऊन हलवला, पाणी आहे का बघितलं. बाजारात बघावं तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् त्याचा?"

मी विचारलं, "कुणाचा?"

"माज्या नवऱ्याचा. तो मेला तवा मला बोलला, नवसे, माजा ऱ्हायला."

रूपल, मी एकच नारळ बाजूला काढून ठेवला होता. पंधरा दिवस मी याच एका गोष्टीचा विचार करत होते आणि तो माणूस माझ्या मनातसुद्धा आला नाही. आपल्या वाडीत माडांची रांग आहे, खाली नारळांचा ढीग पडलेला असतो. मी तिथपर्यंत गेले, एक उचलला, सोलायला कुणी नव्हतं म्हणून तसाच शेंडीसालीसकट घेऊन आले. त्याचं नाव घेऊन म्हणायला हवं होतं. मला त्याचं नाव आठवेना. आम्ही त्याला 'नवसीचा' म्हणायचो. तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, आणि लाडकीने माझ्या मदतीला तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, "तोही मोकळा झाला."

तिने दोन्ही नारळ पदरात बांधले. खोलीत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. एवढंच तिचं होतं. लाडकी रडत होती, तिला म्हणाली, "रडते काय, रिक्षाचं भाडं वाढतं." माझ्या डाव्या कानाशी आली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "चिंच पेटीवर वालत घातली हाय. सांजंला आत घ्या." आणि गेली.

शैलेश संध्याकाळी आला. जेवायला बसला आणि उठला.

तुझ्या भिंतीवर बाबांचंही लिही असं मी म्हटलं होतं. ते आता तू ठरव. मी आड येणार नाही.

आज सकाळी उठले तर अंगणभर चिकूचा पाला पडलेला. रात्री वारा होता. झाडून घ्यावं म्हणून खराटा शोधला. पडवीत नाही, गोठ्यात नाही, तिच्या खोलीमागे नाही. मला एकोणऐंशीवं लागलंय आणि आपल्या घरात खराटा कुठे ठेवतात ते मला माहीत नाही.

पाला तसाच आहे.

तुझी,
आत्या